विषम अधिक विषम

गुरुजी, गेल्या आठवड्यात, निवृत्तीनंतरही जाते त्या ऑफिसात, मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. आमच्या संगणकाला विचारलं होतं, दोन विषम संख्यांची बेरीज समच का येते? आधी तो लाखभर बेरजा करून 'येते' एवढंच सांगायचा. या वेळी त्यानं लिहिलं, प्रत्येकीत जोड्या लावल्या की एक उरतो, आणि ते दोन उरलेले मिळून आणखी एक जोडी होते. अगदी माणसासारखं. हे शिकवण्यात माझी निम्मी नोकरी खर्ची पडली. तुम्ही ते फुलसावंगीच्या पुढच्या आपल्या गावात एका तासात करून घेतलं होतं.

साठ-एकसष्टचं साल असेल. परदेशात यंत्राला गणितं शिकवतात, असं तुम्ही पेपरात वाचलेलं. तुम्ही टेबलाजवळ ताठ उभे राहता. "आज मी माणूस नाही, यंत्र हाय. मले सांगाल तेवढंच समजते. विषमात विषम मिळवला तर समच काहून येते?" कुणीतरी ओरडतं, "करून पाहा ना, गुरुजी!" आणि तुम्ही सुरू होता. एक अधिक एक, एक अधिक तीन, एक अधिक पाच... फळा भरतो, पुसता, पुन्हा भरता. "गुरुजी, पुरे!" "पुरे म्हणजे काय? यंत्राले नाही समजत." सुट्टीची घंटा होते तरी तुमचा खडू चालूच. हसून हसून आमची पोटं दुखायला लागतात.

तेव्हा मी उठले. आम्ही बौद्ध होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि वर्गात माझ्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळीच असायची. "सात जणं इकडं उभे करा, पाच तिकडं," मी म्हटलं. "आता हात धरून जोड्या लावा." आमच्या रांगेत अर्थातच मी उरले. समोर चार मुलगे होते आणि पाटलांची मुलगी; तिथं ती उरली. "दोन्हीकडं एकेक उरला. आता?" यंत्रानं विचारलं. मी चालत गेले आणि हात पुढे केला. तिनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चेहरा हलू दिला नाही. मग तिनं माझा हात धरला, चांगला घट्ट. "समजलं!" तुम्ही एवढ्यानं ओरडलात की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावले. दुसऱ्या दिवशी तिनं आपलं तरट माझ्या तरटाला लावून अंथरलं, आणि पुढे चार वर्षं ते तिथंच राहिलं.

शाळा सुटल्यावर तुम्ही विचारलंत, "पोरी, हे तुले सुचलं कसं?" मी म्हटलं, "असंच." माणसाला सुचतं कसं, ते संगणकाला मला अजूनही सांगता आलेलं नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. 'असंच' हे खोटं होतं, गुरुजी. गणिताशी मला काही देणंघेणं नव्हतं. महिनाभरापासून मला पाटलांच्या मुलीशी फुगडी खेळायची होती, आणि हात धरायला निमित्तच सापडत नव्हतं.