दार कोणी ठोठावलं

३ तारीख, सोमवार
बेल बंद पडून दोन वर्षं होत आली. यांना म्हटलं, आता तरी दुरुस्त करून घ्या. म्हणाले, "राखणीला देव बसलाय, बेल कशाला?" दारावर तशी पाटीच आहे — ‘या घराला देवाची राखण’. पाटी ठोकायला सुतार मिळतो, बेलला मात्र वायरमन मिळत नाही!

५ तारीख
खालच्या शिंप्याची बायको वर आली होती. म्हणाली, "वहिनी, तुमचं दार वाजवून वाजवून हात दुखला. पुढच्या वेळी हातोडी घेऊन येते." दोघी पोट धरून हसलो.

१२ तारीख, बुधवार
काल दुपारी शिंप्याकडे आग लागली. इस्त्रीमुळे, म्हणतात. आम्ही दोघं जेवून आडवे झालो होतो. दार वाजत होतं — बराच वेळ. मी म्हटलं, असेल कोणी विकणारा, पडून राहा. शेवटी हे चडफडत उठले. दार उघडलं तर कोणी नाही. जिन्यात नुसता धूर! ओले टॉवेल तोंडाला लावून कसेबसे उतरलो.

शिंप्याचे हात भाजलेत, तो दवाखान्यात आहे. त्याची बायको गेली. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरीणबाईंच्या कुलूपबंद दारापाशी सापडली. खाली रस्ता सोडून वर का पळाली, कोणालाच कळत नाही.

१५ तारीख
"दार देवानेच ठोठावलं," हे आल्यागेल्याला सांगतात. परवा तीनदा ठोठावलं होतं, आज सात वेळा झालं. यांच्या जुन्या ऑफिसातले चौघे खास दार बघायला आले. एकाने दाराचा फोटो काढला. चहा अर्थात मी केला.

ते गेल्यावर विचारलं, शिंप्याच्या दारावरही तीच पाटी होती ना? तुम्हीच दिलेली. तर म्हणाले, "श्रद्धा कमी पडली असेल." बरं. श्रद्धा मोजायचा काटा आमच्याच घरात आहे, हे मला माहीत नव्हतं.

१६ तारीख
सकाळपासून तिची फार आठवण येतेय. माझं माप तिला तोंडपाठ होतं. हे म्हणाले, "घाबरून उलटी पळाली बिचारी." मीही मान हलवली.

१९ तारीख
पुन्हा बेलचं काढलं. "आता तर नकोच," म्हणाले. पाटी मात्र पुसून लख्ख केली.

२२ तारीख
शिंपी आला होता. दोन्ही हातांना पट्ट्या. यांनी देवाची गोष्ट सुरू केली. त्याने सगळी ऐकून घेतली. मग म्हणाला, "आम्ही दोघं बाहेर पडलो होतो, साहेब. रस्त्यावर उभे होतो. ती म्हणाली, वर दोघं झोपली असतील, त्यांची बेल बंद आहे. आणि परत आत गेली."

त्याने मला विचारलं, "वहिनी, तुम्ही दार लगेच उघडलंत ना?"

मी म्हटलं, हो, लगेच.