सीपी, सीव्ही आणि तुझा तास

रहिमतपूर, मंगळवार

प्रिय नामदेव,

आज कॉलेज नेहमीसारखं भरलं. तिसऱ्या तासाला मी बारावीला तुझा धडा शिकवला, वायूंच्या विशिष्ट उष्णतेचा: दाब तोच ठेवून तापवलं तर सीपी, आकारमान तेच ठेवून तापवलं तर सीव्ही. हे तुलाच सांगायचं होतं, म्हणून लिहितोय.

तू गेल्यापासून फिजिक्सचा तास रिकामाच होता. प्राचार्य म्हणाले, उरलेलं पडद्यावर व्हिडिओ लावून दाखवू. तुझ्या वर्गात व्हिडिओ! मग पोरं प्रश्न कुणाला विचारणार? मी केमिस्ट्रीचा, त्यात बोलायला कमी. तरी म्हणालो, मी घेतो.

किती चिडवायचास मला! "गड्या, तुमी केमिस्ट्रीवाले सीपी वजा सीव्ही बरोबर आर लिवून मोकळे. त्यो आर गेला कुठं, ते कोण सांगणार रं?" आटपाडीची बोली तू वर्गातही सोडली नाहीस.

तू न्यायचास तशाच, तोंड बंद केलेल्या दोन सिरिंज नेल्या. एकीचा दट्ट्या धरून ठेवलेला, दुसरीचा मोकळा. दोन्हींतली हवा सारखीच तापवायची, तर जास्त उष्णता कुणाला? वर्ग ओरडला, "धरून ठेवलेलीला!" दरवर्षी अस्संच चुकतात, तू सांगायचास. गरम पाण्यात मोकळा दट्ट्या सरकला, तेव्हा पोरांना कळलं: बाहेरची हवा ढकलायलाही उष्णता लागते. ही जास्तीची उष्णता, एका मोलला, एका अंशामागे, म्हणजेच तो आर. केवढं सोपं केलं होतंस तू!

मग मागच्या बाकावरच्या अश्विनीनं विचारलं, "सर, आकारमान वाढतंय, तरी आतली ऊर्जा मोजायला सीव्हीच का?"

"सूत्र आहे, लिहून घे," अगदी ओठांवर आलं. तू असतास तर "लय भारी!" म्हणून खडू खाली ठेवला असतास. पडदाच बरा होता, असंही वाटलं.

शेवटी म्हणालो, "अजिंक्यतारा किल्ल्यावर गाडीरस्त्यानं जा, नाहीतर पायवाटेनं. माथ्याची उंची तीच ना? आतली ऊर्जा फक्त तापमान बघते. सीव्हीत बाहेर काही खर्चच होत नाही, म्हणून ती मोजायला सीव्ही."

तिनं विचार केला. "समजलं सर. पण नामदेव सर असते तर आमी हसलो पण असतो."

सगळा वर्ग हसला. मीही.

असं अर्ध्या वर्षात, अर्ध्या आयुष्यात जायचं असतं का रे? पोरांना विचारायची सवय लावलीस आणि उत्तरं माझ्यावर टाकून गेलास!

नवीन माणूस येईपर्यंत तुझा तास मी घेईन. पडदा लागू देणार नाही. हसवायचं मात्र कबूल करत नाही.

स्टाफरूममध्ये आत्ता कोणी नाही. डबा अजून उघडला नाही. आता खातो.

तुझा,
वसंत