दादाच्या गाडीला पातळ तेल

अकोला, रविवार, संध्याकाळ

दादाच्या डोंगरात पळवायच्या मोटारसायकलचं गिअरचं तेल आज बदललं. तो वारल्यापासून गाडी ओसरीत नुसती उभी होती. दादा कायम जाड तेल टाकायचा. या गाडीचे गिअर आणि क्लच एकाच तेलात चालतात, त्यामुळे क्लच चिकटायचा आणि पहिला गिअर धक्का देऊन पडायचा. कंपनीनं पातळच सांगितलं आहे. त्याला हे कधी बोललो नाही. कशाला बोलायचं, गाडी त्याची.

जठारपेठेतला दुकानदार म्हणाला, "दादा तर जाडच नेत होते. तुमी काहून बदलून राहिले?"

"आता मी चालवणार आहे."

तेल भरून गाडी सुरू केली. पहिला गिअर अलगद पडला, धक्का नाही. माझं बरोबर होतं, शंकाच नव्हती. पण वहिनीला काय वाटेल? दादाचं जाड तेल तर मी काढून टाकलं. वळून पाहिलं तर ती फडकं घेऊन दारातच उभी.

"भाऊजी, त्यायचं तेल काढलं?"

"हो. त्या तेलानं क्लच खराब होऊन राहिला होता."

ती गाडीपाशी आली. मग फडकं माझ्या हातात दिलं. "चालवा मंग. मी किती दिवस नुसती पुसत बसू?"

सकाळी चिखलदरा. निघण्याआधी टायरची हवा बघायची.