लग्नासाठी जपून ठेवलेली कवळी

सौ. जमुनाताईंना बडनेऱ्याहून वहिनीचा नमस्कार. अकोल्याच्या उन्हात तुमचे गुडघे कसे आहेत? रविवारी माझं बोलणं समजलं नाही म्हणून "वहिनी, नेटवर्क नाही" म्हणत तुम्ही तीनदा फोन ठेवला. नेटवर्क होतं. तोंडात नवी कवळी होती, वरची आणि खालची. म्हणून हे पत्र.

झालं असं, की अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली आणि मी ती घरी येऊन, धुऊन-पुसून साडीच्या घडीत ठेवून दिली. पुढच्या महिन्यात तुमच्या पौर्णिमाच्या लग्नात घालायला. (नवी वस्तू रोज कोण वापरतं?) पंधरा दिवसांनी घालून पाहिली, तर 'स' म्हणताना नुसता वारा सुटे आणि जीभ हलली की खालची कवळी उचलून येई. बाईंनी चांगलंच झापलं. "आजी, हा दागिना नाही. ही पाण्यात ठेवतात, साडीत नाही. जिभेला सवय लागू द्या. रोज घाला आणि मोठ्यानं, सावकाश वाचा." वाचायला मला आवडतंच (शाळा तिसरीपर्यंत, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर). पण मी वाचायला मंगलाष्टक घेतलं. त्यात श आणि स भरपूर, एवढंच कारण. तुम्ही दुसरं काही समजू नका. तुमचे भाऊ होते तेव्हा घरच्या प्रत्येक लग्नात माझं एक मंगलाष्टक असायचं. ते गेले, आणि पुतण्या शेखरच्या लग्नात मला माईकजवळ कोणी बोलावलं नाही. मी आत भाजीचं मीठ बघत बसले. त्याला चार वर्षं झाली.

झेंडूच्या वावरात फुलं तोडणाऱ्या बायांशी ठरवलं, की 'सावधान' ऐकू आलं की माझ्यावर पाकळ्या टाकायच्या. पहिल्या दिवशी मी सगळं म्हणून, वर पाणी पिऊन झाले तरी कोणाचा हात हलला नाही. दुर्गाबाई म्हणाली, "काकू, लगन लागलं का बाकी हाय व?" दुसऱ्या दिवशी मी मध्येच शिंकले, आणि सगळ्यांनी टाकल्या.

मग बाईंनी शिकवल्याप्रमाणे आधी थुंकी गिळायची, दात मिटून कवळी बसवायची, मग तोंड उघडायचं, असं चाललं. तिसऱ्या ओळीत पौर्णिमाच्या मामांचं नाव आहे, 'उत्तमराव'. उखाण्याशिवाय मी ते नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. ज्या दिवशी ते स्वच्छ उमटलं त्या दिवशी मी तिथंच थांबले. दुर्गाबाईनं पाण्याची बाटली दिली आणि ती फुलं तोडत राहिली. काल मात्र 'सावधान'ला सगळ्या पाकळ्या एकदम पडल्या. एक कवळीखाली अडकली, पण शब्द अडला नाही.

बाकी ठीक. लग्नात मी मागं बसेन, माझी काळजी करू नका. पौर्णिमाला आशीर्वाद.

तुमची वहिनी,
शकुन

ता. क. मागं बसेन हे खोटं आहे. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लिहा. पहिलं नको, शेवटचंही नको. शेवटी लोक जेवणाकडे बघतात.

आणखी एक. विधवेनं म्हणू नये असं कोणी म्हणालं, तर तुम्ही वाद घालू नका. त्याला माझ्याकडे पाठवा. आता माझं बोलणं समजतं.