पिवळ्या रेणूची खुर्ची

३ नोव्हेंबर

मानवजातीच्या इतिहासात आज एका काळ्या पानाची भर पडली. माझी खुर्ची गेली! माझ्या पाठीला सरावलेली खुर्ची कंपनीने उचलून नव्या जाहिरातवाल्याला दिली. त्याच्या कण्याला त्रास आहे म्हणे. त्याला कणा आहे, हीच बातमी! माझ्या वाट्याला प्रयोगशाळेतलं लंगडं लोखंडी स्टूल. स्टोअरवाल्याला दया आली, स्वतःची उशी काढून दिली. "न्या, मॅडम. पण आठवणीने परत करा हं, बायकोने शिवलीय."

५ नोव्हेंबर

ताईकडे गेले. दंडावर काळेनिळे डाग. "कुठे आपटलीस?" "कुठे नाही गं. उगीचच उठतात." हृदयाची झडप बदलल्यापासून ती रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. इतकी वर्षं सुरळीत. मग आत्ताच काय झालं?

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि फळीवर दिसली — आमच्याच कंपनीची बाटली! पिवळ्या कॅप्सूल. "तुझ्या कंपनीची म्हणून कौतुकाने घेते. झाडपाल्याचं तर आहे!"

कसलं डोंबलाचं झाडपाल्याचं! कांद्याच्या सालीतला रेणू घेऊन आम्ही त्याला मिथाइलच्या शेपट्या चिकटवतो. पोटात लवकर मोडू नये म्हणून. आता कांदाही त्याला ओळख दाखवायचा नाही.

"हे घ्यायचं नाही!" म्हणून ओरडले आणि बाटली पर्समध्ये टाकली. "चोरटी कुठली!" — दारापर्यंत ऐकू आलं.

६ नोव्हेंबर

रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या एका खोबणीत ताईची गोळी बसून असते. जेमतेम चिमूटभर सुटी फिरते, आणि तेवढीच काम करते. बसलेली गोळी विशिष्ट प्रकाशात चमकते. आज परीक्षानळीत दोन्ही घेऊन त्यात आमचा पिवळा रेणू सोडला. थेंबाथेंबाने चमक उतरत गेली. उठवलं तिला जागेवरून! माझ्यासारखंच. पण मला उठवल्याने कुणाला रक्तस्राव होत नाही.

७ नोव्हेंबर

साहेबांना आलेख दाखवला. आम्ही त्यांना आपसांत मधाळ म्हणतो. मधाळ हसले. "अहो, पिवळा रंगच प्रकाश गिळतो, म्हणून चमक कमी दिसते. तुम्हाला मी शिकवायचं?"

शंका रास्त आहे. त्याचाच संताप आला. माणूस अडाणी नाही! नेमकं कुठे बोट ठेवायचं ते बरोबर कळतं.

१० नोव्हेंबर

चमकबिमक सोडून दिली. मिश्रण सरळ बारीक पडद्यातून गाळलं. प्रथिन वर अडकतं, सुटी गोळी खाली उतरते. पिवळ्याशिवाय — खाली जवळजवळ काही नाही. पिवळ्यासकट — कितीतरी पट! पुन्हा केलं. तेच. आता गिळा म्हणावं प्रकाश.

११ नोव्हेंबर

मधाळांनी नवे आकडे वाचले. "हे पान अहवालात नको."

"का?"

"लोक घाबरतात हो. वनस्पतीने कधी कुणाचं वाईट केलंय?"

"कण्हेर पण वनस्पतीच आहे, साहेब. चहात टाकू?"

मधाळांनी पान उलटं ठेवलं. मग अगदी हळू, पाठीवरून हात फिरवल्यासारखं — "तुमच्या खुर्चीचं मी आजच बघतो."

एका खुर्चीच्या बदल्यात माझी बहीण! इतकी स्वस्त वाटले मी? थरथरत स्टुलावर येऊन बसले. स्टूलही थरथरलं.

१२ नोव्हेंबर

ताई इस्पितळात. नाकातून रक्त, थांबेचना. मी बाटली नेली म्हणून तिने दुसरी आणली होती! "तू नीट सांगितलंस कुठे? नुसती ओरडलीस." नाकात बोळे, तरी तोंड चालू. बाहेर येऊन रडले. खरंच, नुसती ओरडलेच होते.

डॉक्टरांना आलेख दाखवले. "औषध नियंत्रण खात्याला मी कळवतो. पण हे सहीनिशी द्याल?"

१३ नोव्हेंबर

दिलं. त्या पानासकट.

१७ नोव्हेंबर

ताई घरी आली. आल्या आल्या माझ्या केसांना नावं ठेवली. म्हणजे बरी आहे.

१८ नोव्हेंबर

टेबलाचा खण रिकामा करून निघाले. अभ्रा धुऊन, इस्त्री करून आणलेली उशी जाता जाता स्टोअरवाल्याला परत दिली. "अरे वा, खुर्ची मिळाली वाटतं?"

"नाही. स्टूलही गेलं."