कापूस वेचून झाला का?

फुलसावंगी,
शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय नयू,

तुझा फोन डॉक्टरांनी काढून घेतला, असं तुझ्या कोच मॅडमनी सांगितलं. स्क्रीनकडे बघायचं नाही, वाचायचं नाही, खोलीतला दिवासुद्धा मंद ठेवायचा. म्हणून हे कागदावर लिहितेय, पानांचे फोटो मॅडमना पाठवीन. त्यांना मराठी येत नाही, तेव्हा वाचून दाखवायला तुझ्या टीममधली नागपूरची अनघाच लागेल. तू कालपासून तिच्याशी बोलत नाहीस हेही कळलं. नको बोलूस. डोळे मिटून पडून राहा आणि नुसतं ऐक. अनघा बेटा, तू सावकाश वाच, आणि मध्येच ही बाई चिडली तर तिला पाणी पाज आणि पुढे वाच.

उद्या फायनल आहे आणि आपली गोलकीपर काठमांडूच्या दवाखान्यात पडलीय. खोटं कशाला सांगू, मला त्या फायनलचं काही वाटत नाही. शेजारपाजारच्या देशांतले क्लब जमले, पोरी जीव तोडून खेळल्या, आता कप कोणीही नेवो. मला तुझ्या डोक्याची भीती वाटतेय. पहिल्या तपासणीत मोठं काही दिसलं नाही, उद्या सकाळी पुन्हा बघतील, तोवर नक्की सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. तेव्हापासून चहा केला की प्यायचाच राहतो. मोठ्या माणसाने पोराला असं लिहू नये म्हणतात, पण तुझ्याजवळ मी मोठेपणा कधी केला?

घरात बसायला जागा नाही म्हणून मी कापसाच्या खोलीत येऊन बसलेय. व्यापाऱ्याची गाडी अजून आली नाही, खोली गच्च भरलीय, आणि मी ढिगाऱ्यावर पाय रोवून बसले तरी घसरतेय. बाहेर ओसरीवर तुझे बाबा, नानाजी आणि गावातली शहाणी मंडळी जमलीत. तुला फायनलमधून कोणी काढलं याचा शोध लागतोय. एकजण म्हणतो दिल्लीच्या पोरीला घ्यायचं होतं, दुसरा म्हणतो यात राजकारण आहे. दादा मघाशी मोठ्यानं ओरडला, "कोनं काढलं माह्या पोरीले, ते मी पाह्यतोच!" तुझी आई, इंदूवहिनी, एवढ्यात इथे डोकावून गेली. म्हणाली, "कुंदाताई, तुमाले काही माहीत हाय का? डाक्टर नुसतं पाह्यासाठी ठेवते का असं दोन दोन दिवस?" मी कापसातली काडी निवडत बसले. वहिनी निघून गेली.

तू आठवीत माझ्याकडे उमरखेडला राहायला आलीस तेव्हा तुला फक्त एक गोष्ट चांगली येत होती. ट्रॉलीवर उभं राहून खालून फेकलेली कापसाची गाठोडी झेलायची. आमच्या शाळेच्या ऑफिसातून मी मैदानाकडे बघायची, तर तू गोलपोस्टमध्ये तशीच उभी, गुडघे वाकवून, जणू आता बाबा गाठोडं फेकणार. पुढे पुण्याच्या शिबिराला गेलीस आणि रडत आलीस. मले-तुले म्हणतेस म्हणून पोरी हसल्या होत्या. मी म्हटलं, हसू दे, त्यांचे दात दिसतील. पण तू मनाला लावून घेतलंस. माझ्या कपाटाच्या आरशासमोर उभी राहून हिंदी घोटायचीस. टीमने मेहनत की, कोच का सपोर्ट मिला, आगे भी अच्छा करेंगे. तीच तीन वाक्यं. मी भाजी निवडता निवडता वाहिनीवाली व्हायची, हातात भेंडी धरून तुला प्रश्न विचारायची. त्यानंतर तू कॅमेऱ्यासमोर वऱ्हाडीचा एक शब्द कधी काढला नाहीस. अगदी यवतमाळच्या पत्रकारालासुद्धा हिंदीत उत्तर दिलंस, तो बिचारा मराठीत विचारत होता तरी.

बुधवारी सेमीफायनल बघायला मी मुद्दाम इकडे आले. सोनूने त्याचा फोन टीव्हीला जोडला होता. ढाक्याच्या त्या उंच मुलीचा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला तेव्हा अख्खी ओसरी ओरडली. तू आडवी झालीस. मग उठलीस, डोक्यावर पाणी ओतून घेतलंस, अंगठा दाखवलास, आणि इकडे टाळ्या. मीही वाजवल्या. मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या असतात, हे आता आपल्या नानाजींनाही कळतं. तू मात्र तरातरा आधीच्याच गोलपोस्टकडे गेलीस आणि तिथे जाऊन उभी राहिलीस. पाठीमागून कुणीतरी आली, हसत तुझे खांदे धरून तुला वळवलं. समालोचक हसला, आपली ओसरी हसली. सोनू म्हणाला, "ताई जोशमध्ये हाय." मी हसले नाही. तू वळलीस तेव्हा त्या मुलीकडे बघितलंस ना, ती नजर मला आवडली नाही. ती कोण आहे हे तू शोधत होतीस.

मग पेनल्टी किक आल्या आणि तू दोन अडवल्यास. मला वाटलं, चला, आपलंच मन वाईट. आणि मॅच संपल्यावर वाहिनीच्या मुलीने माईक पुढे करून विचारलं, कैसा लग रहा है. माझ्या ओठांवर तुझी तीन वाक्यं आलीसुद्धा. तू तिच्याकडे बघून गोड हसलीस आणि म्हणालीस, "बरं वाटून राह्यलं. कापूस वेचून झाला का वं? मी येतोच घडीभरात. नानाजीले म्हणा, बैल सोडू नका."

काय सांगू तुला, नयू, इथे काय उसळलं! पोरं नाचायला लागली, कुणी कुणाला मिठ्या मारतंय, फटाके कुठून आले देव जाणे. चार देशांत दिसणाऱ्या कॅमेऱ्यासमोर पोरगी आपल्या बोलीत बोलली, कापूस विसरली नाही! नानाजींच्या डोळ्यांना धार. ते ज्याला त्याला सांगत होते, "पोरीच्या डोक्शात अजून आपलेच बैल हायेत." रात्रीपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला तू. मुकुटबनहून माझ्या मैत्रिणीने मला तुझाच व्हिडिओ पाठवला, खाली बदामाची चित्रं. आणि मी तिथे भिंतीला टेकून उभी होते. अगं, बैल कुठले? बैल विकून ट्रॅक्टर घेतला त्याला वर्षं झाली. ते विकले तेव्हा तू माझ्याकडे येऊन दोन दिवस जेवली नव्हतीस. ज्या मुलीशी तू बोलत होतीस ती तुझ्या लेखी वाहिनीची नव्हती. तू शेतात होतीस. आपल्या बांधावर उभं राहून कुठल्या तरी वेचणारीला विचारत होतीस.

तुला वाटेल आत्या घाबरट आहे. आहेच. पण आमच्या शाळेतला हिरासिंग तुला आठवत असेल, कबड्डीचा. मॅटवर डोकं आपटलं, उठला, तो सामना त्यानेच जिंकून दिला, पोरांनी खांद्यावर घेऊन मिरवला. नंतरच्या सामन्यात नुसता धक्का लागला, कुणाला दिसलाही नाही इतका, आणि तो बसला तो बसलाच. आता त्याची आई मैनाबाई त्याचा हात धरून त्याला एसटीत चढवते. उमरखेडच्या स्टँडवर भेटली की तो माझ्या पाया पडतो, पण मी कोण हे त्याला सांगावं लागतं. मैनाबाई एकदा मला म्हणाली, "बाई, त्या दिशी माहा पोरगा हासतच होता. मले वाटलं, हासते म्हंजे बरा हाय." बुधवारी माईकसमोर तू हसत होतीस आणि मला मैनाबाई ऐकू येत होती.

म्हणून संध्याकाळी तुला फोन केला. तू विचारलंस, "आत्या, चहा झाला का?" मी म्हटलं झाला. मॅचचं थोडं बोललो. मग तू विचारलंस, "आत्या, चहा झाला का?" मी चेष्टा केली, म्हटलं, आता दुसरा घेते. तू हसलीस. आणि परत, अगदी त्याच सुरात, "चहा झाला का?" मी विचारलं, नयू, खरं सांग, काय होतंय. तेव्हा तू आवाज खाली आणलास. "डोकं लय ठणकून राह्यलं. उजेड पाह्यला की ओकारी आल्यावानी मयमय होते. पण तू कोनालेच सांगू नको, आत्या. फायनल हाय. अशी फायनल मले पुन्हा भेटन का? माही शपथ हाय तुले." आणि फोन ठेवलास.

मी सांगणार नव्हते. खरंच नव्हते. रात्रभर मनाची समजूत घातली की पोरगी मोठी आहे, तिच्याबरोबर फिजिओ आहे, कोच आहे, तिथे बसलेली माणसं काय आंधळी आहेत? तुझ्या त्या शिबिरापासूनची सगळी वर्षं मला माहीत आहेत. लग्नाची बोलणी तू कशी टाळलीस, दादाचे टोमणे कसे गिळलेस, पायाला पट्टी बांधून कशी धावलीस, हे दुसऱ्या कुणाला एवढं माहीत आहे? तुझ्या तोंडचा घास मी काढायचा? काल सकाळी मी परतीच्या बससाठी स्टँडवर गेले. तिथे सरपंचाची पोरं तुझा फ्लेक्स बांधत होती. तू ग्लोव्ह घालून उभी, आणि खाली लाल ठसठशीत अक्षरांत, कापूस वेचून झाला का? येणारा जाणारा वाचून हसत होता, अभिमानाने हसत होता. माझ्या पोरीचं डोकं जिथे हरवलं ते वाक्य त्यांनी चौकात टांगलं होतं, आणि सगळ्या गावात ते फक्त मला कळत होतं. बस आली आणि गेली. मी चढले नाही.

तेव्हा ऐक. तुला वाटतंय तसं अनघाने काही सांगितलं नाही. तुला फायनलमधून मी काढलं. तिथेच स्टँडवर उभी राहून मी मॅडमना फोन केला. पालक म्हणून तू माझा नंबर दिला होतास ना, त्यांनी लगेच उचलला. चुकीच्या गोलपोस्टचं, बैलांचं, चहाचं, ठणकणाऱ्या डोक्याचं, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचं नाव येणार नाही, फिजिओच्या लक्षात आलं असं सांगू. मी गप्प बसले असते तर तुला जन्मात कळलं नसतं. तू अनघावर रुसली असतीस आणि दिवाळीला माझ्याच हातची करंजी खाल्ली असतीस. पण नयू, मी तुझी शपथ मोडलीय. ज्याची शपथ मोडली त्याचं वाईट होतं, असं कुणी म्हटलं की मी आजवर तोंडावर हसायची. कालपासून मला हसू येत नाही. तुला वाचवायला म्हणून फोन केला आणि त्याच फोनने तुझ्यावर काही ओढवलं तर, एवढंच डोक्यात फिरतंय. म्हणून हे सगळं लिहिलं. ज्याने शपथ घातली त्यालाच ती सोडवता येते. तू माझ्याशी पुन्हा बोलू नकोस, तो कप आयुष्यभर माझ्या नावाने मोज, मला चालेल. पण उद्या सकाळी डॉक्टर आत यायच्या आधी एकदा 'सुटली' म्हण. रागाने म्हण, शिव्या देऊन म्हण. नुसती मान डोलवू नकोस, डोकं दुखेल. तोंडाने म्हण. अनघा, ती म्हणाली की मला लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी कापसाच्या खोलीतच बसलेय.

तुझीच, तू नाही म्हटलंस तरी तुझीच,
कुंदाआत्या