केबिनमधली बाई

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

बाईला केबिनमधून खाली उतरवायचं म्हणे!

कंपनी मनोजची, निर्णय त्याचा. आमचा गेम सरळ आहे: कांद्याचा ट्रक घाट उतरवून लिलाव सुरू व्हायच्या आत पिंपळगावला पोचवायचा. ड्रायव्हर दोन, एक बाप्या आणि एक बाई. बाई आमच्या चित्रकार निकिताने काढली आहे. पदर खोचलेला, नजर रस्त्यावर. पोरगी सहा महिने राबली तिच्यावर. दोघांच्या तोंडचे संवाद माझे.

मनोज म्हणाला, "सर, चाचणीचे आकडे बघा ना. चौऱ्याण्णव टक्के खेळाडू पुरुष. बायका गेम खेळतच नाहीत. तिला ढाब्यावर उभी करू, हातात डबा देऊन. ट्रक आला की हात हलवेल."

आणि बायकांसाठी? त्यांच्यासाठी वेगळा गेम. किचन सजवा. गुलाबी!

शुक्रवारी गेम बाजारात येतोय. निकिता संगणक बंद करून निघून गेली. मला ते बरं वाटलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

निकिता राजीनामा लिहूनच आली. "डबेवाली मी काढणार नाही, सर."

शुक्रवारपर्यंत थांब म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काय दिवस गेला!

चाचणीतल्या पहिल्या दहा खेळाडूंचा शुक्रवारी सत्कार. प्रशस्तिपत्रांवरची नावं तपासायचं काम माझ्याकडे. तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. नाव छापायचं तर आधी माणसाशी बोलायचं, ही सवय सुटत नाही. फोन लावत सुटलो.

पहिला नंबर सोमनाथ, चांदवड.

"गेम? मी नाय ब्वा."

"अहो, पहिले आलात तुम्ही!"

 मग लांब हाक — "माय! तुझा नंबर आला गं! त्या ट्रकचा!"

माय फोनवर आल्या. लंकाबाई. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जातात. दुपारची भाकरी झाली की पोराच्या फोनवर घाट उतरतात. अभिनंदन केलं, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या वळणाला ब्रेक लय उशिरा लागतो. त्याचं काय ते बघा."

पुढचे फोन भराभर लावले. एकलहऱ्याचे यादव: खेळते त्यांची सून. पेठचा बहिरू: खेळते बायको. तो बिचारा म्हणाला, "मला फोन हाताला लागंल तव्हा ना!"

दहांपैकी सात बायका!

फोन घरातल्या पुरुषाचा, म्हणून नोंदणी त्याच्या नावाने, आणि खालच्या चौकोनात खूण 'पुरुष'. आमचे चौऱ्याण्णव टक्के ते हेच. आम्ही खेळाडू मोजलेच नव्हते. फोनचे मालक मोजले होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

यादी मनोजसमोर ठेवली. त्याला पटेना. स्वतःच लंकाबाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी त्याला दहा मिनिटं घाटातली वळणं समजावली. एकदा तर "तुम्ही चालवला का कधी?" असंही विचारलं. 

शेवटी मनोज म्हणाला, "बरं, ठेवू बाईला. पण मग मावशी, तिचा ट्रक गुलाबी करू का?"

"कांदा गुलाबी हाय तेवढा पुरे! ट्रकला कशाला लाली-पावडर? ब्रेकचं बोला!"

सगळं ऑफिस हसलं. मनोजसुद्धा. निकिताने राजीनाम्याचा कागद उलटा केला आणि पाठच्या बाजूला दुसऱ्या वळणाचा नकाशा काढायला घेतला.

जिंकलो!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पोस्टरवर बाई स्टिअरिंगवर. खळ्यावरच्या नऊ जणी भाड्याची जीप करून लंकाबाईंबरोबर आल्या. "आमची ड्रायव्हर" म्हणून नुसता कल्ला! मोठ्या पडद्यावर लंकाबाईंनी मनोजला घाटात चारदा मागे टाकलं. "मालक, गिअर बदला, गिअर!" टाळ्या थांबेनात.

मनोज भाषणात म्हणाला, बाई ड्रायव्हर ही कल्पना त्याचीच. म्हणू दे. बाई केबिनमध्ये आहे!

शनिवार, ८ नोव्हेंबर

नोंदणीचा पहिला प्रश्न बदलला. आता विचारतो, "खेळणार कोण?" वाक्य माझं. दोन शब्द, पण आजवर लिहिलेल्यांत यांचाच अभिमान जास्त.

रविवार, ९ नोव्हेंबर

निकिताचा फोन. जुने खेळाडू आता आपलं खरं नाव घालू लागलेत. अकराव्या नंबरवर इतके दिवस माझं नाव होतं म्हणे. मी तर एकदाही खेळलेलो नाही! घरातल्या टॅबवर गेम टाकला आणि विसरून गेलो. आज सकाळपासून तिथे 'आशा' आहे.

स्वयंपाकघरात जाऊन बायकोला विचारलं.

"चार महिने झाले," आशा म्हणाली. "आवाज बंद करून खेळते. तो ड्रायव्हर फार बडबडतो."